भिंतीवरचा चेहरा आणि वहीतले नाव : जुन्या छायाचित्रांतून होणाऱ्या कौटुंबिक स्मरणाची समीक्षा
(मावळ तालुक्यातील शिरगाव परिसराच्या संदर्भात)

सारांश

घरातील दिवंगत माणसांचे स्मरण जुन्या छायाचित्रांच्या आधारे होते, हे गृहीतक आज सर्वमान्य आहे. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. छायाचित्र येण्यापूर्वी मराठी कुटुंबांत पूर्वजांचे स्मरण मुख्यत्वे नावाने होत असे. छायाचित्राने त्यात चेहऱ्याची भर घातली, परंतु नाव जपण्याची जबाबदारी मात्र घेतली नाही. त्याचा सर्वाधिक फटका स्त्रियांच्या स्मृतीला बसला. रोलाँ बार्थ यांचे छायाचित्रविषयक चिंतन, आनंदीबाई जोशी यांचे १८८५ मधील छायाचित्र आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ यांच्या साहाय्याने छायाचित्र व कथन यांतील परस्परसंबंध येथे तपासला आहे.

बीजसंज्ञा : कौटुंबिक छायाचित्र, स्मृती, पूर्वजस्मरण, मावळ, स्त्रिया आणि नाव, स्मृतिचित्रे.

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील शिरगाव हे सोमाटणे व गहुंजे यांच्या शेजारचे गाव. साईबाबांच्या मंदिरामुळे ‘प्रतिशिर्डी’ म्हणून ते आज दूरवर ओळखले जाते. मूळचा हा भातशेतीचा मुलूख. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि पिंपरी-चिंचवडचा विस्तार यांमुळे गेल्या दोन-अडीच दशकांत या पट्ट्याचे रूप झपाट्याने पालटले. कौलारू घरे जाऊन त्यांच्या जागी काँक्रीटची घरे व इमारती उभ्या राहिल्या. घर पाडताना तुळया, दरवाजे, तांब्या-पितळेची भांडी यांचा हिशोब ठेवला जातो. भिंतीवरच्या तसबिरींचा हिशोब मात्र क्वचितच कोणी ठेवते. नव्या घराच्या दिवाणखान्यात जुन्या तसबिरींना जागा नसते आणि त्या ट्रंकेत, माळ्यावर किंवा वाहत्या पाण्यात जातात.

या तसबिरींबरोबर नेमके काय जाते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. जुना फोटो हाती आला की आजोबांची आठवण ‘जागी होते’, असे सहज म्हटले जाते. पण ज्याने त्या आजोबांना कधी पाहिलेच नाही, त्या नातवाच्या बाबतीत जागे होण्यासारखे काय असते? त्याला आठवण दिली जाते ती दुसऱ्याच कोणाच्या तोंडून. छायाचित्र तेथे केवळ निमित्त असते. निमित्त आणि आठवण यांतील हे अंतर लक्षात घेतल्याशिवाय कौटुंबिक छायाचित्रांचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

२. छायाचित्रापूर्वीचे स्मरण : नावांची परंपरा

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाली आणि अल्पावधीतच हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी अग्रगण्य होते. तथापि खेड्यापाड्यांतील सामान्य कुटुंबांपर्यंत छायाचित्र पोहोचायला आणखी बराच काळ जावा लागला. तोवर पूर्वजांचे स्मरण होत नव्हते असे नाही. त्याचे साधन वेगळे होते.

श्राद्धविधीत पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पिढ्यांचा उच्चार अनुक्रमे वसु, रुद्र व आदित्य यांच्या रूपात केला जातो. तेथे लागते ते नाव व गोत्र. चेहरा लागत नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरू कुटुंबांच्या पिढ्यान् पिढ्यांची नावे नोंदलेली असतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी समाजाचे लोक घरोघर जाऊन कुळाची वंशावळ सांगत. ज्या घरांत पोथी नव्हती, त्या शेतकरी घरांतही पितृपक्षात ‘पितर जेवू घालताना’ वडीलधाऱ्यांच्या तोंडून नावे निघत आणि मुलांच्या कानावर पडत.

प्रतिमा अजिबात नव्हती असेही नाही. अनेक समाजांत मृत पूर्वजांचे टाक करून देवघरात ठेवले जात. परंतु टाकावरची आकृती कोणा एका माणसाशी साधर्म्य सांगत नाही. घोड्यावरचा वीर म्हणजे त्या घरचा पूर्वज, एवढाच तिचा अर्थ. महाराष्ट्रातील कित्येक गावांच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात वीरगळ आढळतात. खालच्या पट्टात युद्ध, मधल्या पट्टात अप्सरांसह स्वर्गारोहण आणि वरच्या पट्टात शिवलिंगाची पूजा, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. वीराचा पराक्रम दगडात राहिला, पण बहुतेक वीरगळांवर लेख नसल्याने वीराचे नाव हरवले. प्रतिमा टिकते आणि नाव जाते, ही पुढे छायाचित्राच्या बाबतीत घडलेली गोष्ट दगडाच्या बाबतीत आधीच घडून गेलेली होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

३. देव आणि पूर्वज एकाच भिंतीवर

घराच्या भिंतीवर तसबीर टांगण्याची चाल रूढ होण्यात मावळचा स्वतःचा वाटा आहे. राजा रवि वर्मा यांचा शिळामुद्रणाचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांतच तो लोणावळ्याजवळच्या मळवली येथे हलविण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते. येथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी देशभरातील घरांत पोहोचल्या. पूर्वी देवघरात किंवा देवळात असणारा देव काचेच्या चौकटीत दिवाणखान्याच्या भिंतीवर आला. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत या छापखान्याची मोठी हानी झाली. तोवर त्याने घातलेली सवय मात्र घराघरांत मुरली होती.

पूर्वजांचे छायाचित्र याच भिंतीवर, याच प्रकारच्या चौकटीत आले. त्यामुळे छायाचित्राकडे पाहण्याची दृष्टीही देवाच्या तसबिरीकडून उसनी घेतली गेली. समोरून घेतलेली मुद्रा, पाहणाऱ्याच्या डोळ्याला भिडणारी नजर, कपाळी कुंकवाचे बोट, चंदनाचा हार आणि पुण्यतिथीला उदबत्ती, हे सारे दर्शनाचे उपचार होत. मृताचा फोटो देवघरात ठेवू नये, तो दक्षिणेच्या भिंतीवर लावावा, असे संकेत रूढ झाले, यावरूनच या दोन तसबिरींतील सीमारेषा किती पुसट झाली होती हे कळते. मध्य प्रदेशातील नागदा या शहराच्या आधारे भारतीय छायाचित्रांचा अभ्यास करणारे ख्रिस्तोफर पिनी यांनी १९९७ मधील आपल्या ग्रंथात छायाचित्राच्या या सामाजिक आयुष्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मावळातील भिंती पाहता या मांडणीला एक जोड द्यावीशी वाटते. देवाच्या तसबिरीखाली नाव लिहिण्याची गरज नसते, कारण शंख-चक्र, वीणा किंवा वाहन यांवरून देव ओळखू येतो. पूर्वजाला असे वाहन नसते. तरीही देवाच्या तसबिरीचा शिरस्ता त्याला लागू झाला आणि बहुसंख्य छायाचित्रे निनावी राहिली.

ज्यांनी ती लावली त्यांना नाव लिहिण्याची गरज वाटली नाही, हे स्वाभाविक होते. आपल्या वडिलांच्या फोटोवर वडिलांचे नाव कोण लिहील? छायाचित्र निनावी राहते ते अनास्थेमुळे असे नव्हे. अतिपरिचयामुळे ते तसे राहते. नाव न लिहिणाऱ्याला आपण स्वतःही एक दिवस त्याच भिंतीवर जाणार, हे ठाऊक असते. पण आपल्यामागे ओळखणारे कोणी उरणार नाही, ही कल्पना मात्र त्याला शिवत नाही.

४. चेहरा आहे, नाव नाही : स्त्रियांची छायाचित्रे

या निनावीपणाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. पुरुषाचे नाव सातबाराच्या उताऱ्यावर, सोसायटीच्या खात्यात, शाळेच्या दाखल्यावर आणि मुलांच्या नावाच्या मध्यभागी असते. फोटो निनावी असला तरी त्याचा माग लागू शकतो. जुन्या पिढीतील स्त्रीच्या बाबतीत ही सोय नव्हती. लग्नात तिचे आडनाव बदले, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येई आणि पुष्कळदा स्वतःचे नावही बदलले जाई. सासरी तिला कोणी नावाने हाक मारीत नसे. ती थोरली, धाकटी, अमक्याची आई किंवा माहेरच्या गावावरून ओळखली जाई. अशा स्त्रीचा फोटो माहेरी सापडला तर त्यामागचे नाव एक, सासरी सापडला तर दुसरे. आणि कोठेच काही लिहिलेले नसेल तर तो फोटो ‘पंजोबांच्या शेजारी बसलेली बाई’ एवढाच उरतो.

सामूहिक छायाचित्रांची रचनाही या दृष्टीने बोलकी असते. मध्यभागी खुर्चीवर कर्ता पुरुष, मागे उभे असलेले मुलगे, बाजूला किंवा खाली स्त्रिया आणि जमिनीवर मुले, ही मांडणी स्टुडिओतील छायाचित्रकाराला कोणी शिकवावी लागत नसे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की, कौटुंबिक छायाचित्र हे कुटुंबाच्या ऐक्याची नोंद करते आणि ते ऐक्य घडवितेही. या विधानाची दुसरी बाजू अशी की, त्या ऐक्यात कोणाचे स्थान कोणते, हेही छायाचित्र ठरवून टाकते. अनेक घरांत स्त्रीचा एकटीचा फोटो तिच्या हयातीत कधी काढलेलाच नसतो. तिच्या निधनानंतर एखाद्या लग्नातल्या घोळक्यातून किंवा ओळखपत्रावरून तिचा चेहरा वेगळा काढून मोठा केला जातो आणि त्यावर हार चढतो. जी आयुष्यभर कधी चौकटीच्या मध्यभागी आली नाही, ती मृत्यूनंतर तेथे येते, तीही इतरांपासून कापून काढलेली.

या पार्श्वभूमीवर एक अपवाद उल्लेखनीय आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेल्या छायाचित्रात आनंदीबाई जोशी, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियातील दमास्कसच्या सबत इस्लांबुली या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसलेल्या दिसतात. आनंदीबाई १८८६ मध्ये पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात निवर्तल्या. त्यांचे हे छायाचित्र आज जगभर पाहिले जाते, यामागे त्यांचे असामान्य कर्तृत्व आहेच. परंतु आणखी एक साधे कारण आहे. छायाचित्राखाली तिघींची नावे व गावे नोंदविलेली होती आणि एका संस्थेच्या संग्रहाने ते जपून ठेवले. नोंद असूनही तिसऱ्या विद्यार्थिनीचे नाव कोठे ‘तबत’ तर कोठे ‘सबत’ असे वाचले गेले. मग जेथे नोंदच नाही, तेथे काय होत असेल याची कल्पना करता येईल. त्याच काळात मावळात राहणाऱ्या आणि आनंदीबाईंच्याच वयाच्या स्त्रियांना ना छायाचित्र मिळाले, ना नोंद. त्यांच्या नातींना छायाचित्र मिळाले. नोंद त्यांनाही मिळाली नाही.

५. बार्थ यांचे न छापलेले छायाचित्र

आप्तांचे स्मरण व छायाचित्र यांविषयी लिहिताना रोलाँ बार्थ यांच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच ग्रंथाला टाळता येत नाही. १९७७ मध्ये आई वारल्यानंतर बार्थ तिची छायाचित्रे चाळू लागले. कित्येक छायाचित्रांत आईचा चेहरा होता, पण आई नव्हती. शेवटी ती सापडली ती १८९८ मधल्या, तिच्या वयाच्या पाचव्या वर्षी काचगृहातील बागेत काढलेल्या छायाचित्रात. ज्या वयात लेखकाने तिला पाहणे शक्यच नव्हते, त्या वयातील मुलीत त्याला आपली आई भेटली. हे छायाचित्र बार्थ यांनी ग्रंथात छापले नाही. परक्या वाचकाला ते केवळ एक जुने चित्र वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते.

मराठी समीक्षेत या ग्रंथातील दोन संज्ञांचा वापर बराच होतो. सांस्कृतिक जाणकारीने केलेले छायाचित्राचे वाचन ही एक आणि पाहणाऱ्याला अनपेक्षितपणे बोचणारा तपशील ही दुसरी. परंतु या संज्ञा जशाच्या तशा शिरगावच्या एखाद्या ट्रंकेतल्या छायाचित्रांना लावणे योग्य ठरणार नाही. बार्थ यांची बोच एकट्या पाहणाऱ्याची आहे. हातात छायाचित्र, मनात दुःख आणि भोवती एकांत, अशी ती अवस्था होय. मराठी खेड्यात जुना फोटो एकट्याने पाहिला जात नाही. तो लग्नघरी, गावच्या उरुसाला किंवा दहाव्याच्या दिवशी पाचजणांत हातोहात फिरतो. कोणी म्हणते हा थोरला चुलता, कोणी म्हणते छे, हा तर मामा. अंगावरचा कोट स्टुडिओचा होता की स्वतःचा, यावर वाद होतो. त्या वादातून माणूस उभा राहतो. बोचणारा तपशील येथे डोळ्याआधी कानाला भेटतो.

तथापि बार्थ यांनी ते छायाचित्र छापले नाही, यातील मर्म मराठी वाचकानेही ध्यानी घ्यावे असे आहे. ग्रंथ वाचणाऱ्याला बार्थ यांची आई दिसत नाही, तरी ती कळते. कारण मुलाने तिच्याविषयी लिहिले आहे. म्हणजे छायाचित्राविषयीच्या या सर्वाधिक चर्चित ग्रंथात अखेरीस स्मरणाचे काम शब्दांनीच केलेले आहे.

६. शब्दांतील चित्रे

लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. शीर्षकात ‘चित्र’ असले तरी या आत्मचरित्राचे सामर्थ्य नेमके तेथे आहे, जेथे छायाचित्र पोहोचू शकत नाही. वडिलांचे सोवळ्याचे वेड, त्यापायी घरादाराची झालेली ओढाताण, पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा लहरी व उदार स्वभाव, त्यांच्या धर्मांतरानंतरची ताटातूट आणि पुनर्मीलन, हे सारे कोणत्या छायाचित्रात मावले असते? सोवळे ओवळे पाळणारा माणूस छायाचित्रात इतर चारचौघांसारखाच दिसतो. स्टुडिओत बसलेले दांपत्य भांडलेले आहे की नाही, हे कॅमेऱ्याला कळत नाही. लक्ष्मीबाईंच्या विनोदाला तर छायाचित्रात जागाच नाही. त्या काळी फोटोत गंभीर राहणे हा शिष्टाचार होता.

येथे एक आक्षेप संभवतो. लक्ष्मीबाईंसारखी लेखणी प्रत्येक घराला लाभत नाही. सामान्य घराला छायाचित्र हाच एकमेव आधार असतो. आक्षेप रास्त आहे; पण त्यातून निष्कर्ष वेगळा निघतो. लक्ष्मीबाईंचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. त्यांनी जे लिहिले ते सांगण्याच्या बोलीत लिहिले. घरोघरीच्या आजीजवळ तीच बोली असते. फरक इतकाच की, तिला कोणी विचारलेले नसते आणि तिने सांगितलेले कोणी उतरवून घेतलेले नसते. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’चे महत्त्व याच कारणाने आहे. त्या संग्रहात कौटुंबिक छायाचित्र एकटे येत नाही. घरातील कोणीतरी सांगितलेली त्याची हकीगत बरोबर येते. पण अशा संग्रहापर्यंत पोहोचणारी कुटुंबे प्रायः सुशिक्षित व शहरी असतात, ही मर्यादाही नमूद केली पाहिजे.

७. विरणारी आणि ‘जिवंत’ केलेली छायाचित्रे

मावळाच्या पश्चिमेस लोणावळ्याकडे पाऊस प्रचंड आणि पूर्वेकडे सरकताना तो कमी होत जातो. पण पावसाळ्याचे चार महिने दमट हवा सर्वत्रच. कृष्णधवल छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. ओल धरली की त्यावर बुरशी येते आणि काचेला चिकटलेला फोटो काढताना चेहराच काचेवर राहतो. रंगीत छायाचित्रांची अवस्था याहून बिकट आहे. त्यांतील रंगद्रव्ये काळाबरोबर असमान गतीने विटतात आणि चित्र तांबूस पडते. परिणामी आजोबांचा कृष्णधवल फोटो बरा असतो आणि नंतर काढलेला वडिलांचा रंगीत फोटो ओळखू येत नाही, असे उलटे चित्र अनेक घरांत दिसते.

यावर उपाय म्हणून मोबाइलवर प्रत काढून ठेवणे हा मार्ग सर्वांनी पत्करला आहे. प्रत काढावीच, परंतु प्रत काढताना बहुधा फक्त पुढची बाजू टिपली जाते. मागचा स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख किंवा दोन शब्द यांकडे दुर्लक्ष होते. त्यातच आता यंत्रबुद्धीच्या साहाय्याने जुन्या फोटोत रंग भरण्याची, फाटलेला भाग जुळविण्याची, इतकेच नव्हे तर २०२१ पासून स्थिर चेहऱ्याला हसविण्याची व मान हलविण्याची सोय उपलब्ध झाली आहे. पणजी हसताना पाहून घरच्यांचे डोळे पाणावतात, हे खोटे नाही. मात्र ते हसू तिचे नसते. तिच्या लुगड्याला दिलेला रंगही कोणी पाहिलेला नसतो. जेथे माहीत नाही तेथे कोरे ठेवणे हा स्मृतीचा प्रामाणिकपणा होय. यंत्र कोरे ठेवीत नाही. पुढच्या पिढीला मूळ चित्र आणि भरीव चित्र यांतील भेद सांगणारे कोणी नसेल, तर भरीव चित्रच खरे ठरेल.

चौकाचौकांतील श्रद्धांजलीचे फ्लेक्स हा याच प्रवृत्तीचा दुसरा आविष्कार आहे. तेथे चेहरा भव्य असतो आणि नावही ठळक असते. परंतु शोक व्यक्त करणाऱ्यांच्या नावांची व छायाचित्रांची गर्दी इतकी असते की, मृत व्यक्ती तेथे निमंत्रितासारखी वाटू लागते. काही दिवसांत फ्लेक्स उतरतो आणि पत्र्याच्या छपरावर ताडपत्री म्हणून अंथरला जातो. स्मरणाचा आकार आणि स्मरणाची मुदत यांत काही संबंध नाही, हे त्यावरून दिसून येते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, कौटुंबिक छायाचित्र स्वतः काही आठवत नाही. ते आठवण सांगणाऱ्याला बोलते करते. सांगणारा असेपर्यंत त्याचे मोल मोठे आहे. सांगणारा गेल्यावर, नोंद नसेल तर, ते वीरगळासारखे होते. पराक्रम दिसतो, वीर कळत नाही. जुन्या परंपरेत तीन पिढ्यांची नावे होती आणि चेहरे नव्हते. छायाचित्राच्या युगात चेहरे आले आणि नावे सुटली. या दोन्ही व्यवस्थांत स्त्रीची बाजू लंगडी राहिली. पितृपक्षात अविधवा नवमीला तिचे स्मरण होते, ते तिच्या सौभाग्याच्या नात्याने. छायाचित्रात ती दिसते, ती कोणाच्या तरी शेजारी.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव घालणे आवश्यक केले आहे. कागदावरचा हा बदल पुढील पिढ्यांच्या कामी येईल. मागील पिढ्यांतील आयांसाठी तो लागू होणार नाही. त्यांची नोंद घरच्यांनाच करावी लागेल. मऊ पेन्सिलीने, छायाचित्राच्या मागे, हलक्या हाताने लिहिलेले माहेरचे नाव, सासरचे नाव, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव, एवढ्या चार गोष्टी पुरेशा आहेत. शिरगाव परिसरातील जी जुनी घरे अद्याप उभी आहेत, त्यांच्या भिंतींवरचे चेहरे ओळखणारी ऐंशीच्या घरातील माणसे आज हयात आहेत. घर पाडण्याचा मुहूर्त ठरविण्यापूर्वी भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरवून त्यांच्यासमोर ठेवणे आणि ‘ही कोण?’ असे विचारणे, हे काम कोणत्याही तंत्रज्ञानावाचून होण्यासारखे आहे. ते लांबणीवर टाकता येण्यासारखे मात्र नाही.